लॉन्ड्रीतून गेलेला काठ

मोजणीकाकांनी छत्तीस वर्षांच्या नोकरीत एकदाही माप चुकवलं नव्हतं. ही गोष्ट त्यांनी गल्लीत इतक्या जणांना इतक्या वेळा सांगितली होती, की लोकांना वाटे, एकदा चुकावंच बिचाऱ्याने, म्हणजे निदान विषय तरी बदलेल. भूमापन खात्यातून निवृत्त होऊन त्यांना दोन वर्षं झाली होती, पण टेप काही सुटली नव्हती. छोटी खिशात, मोठी पिशवीत, आणि खात्याच्या काळातली पोलादी साखळी पलंगाखाली. केर काढताना काकू रोज एकदा तरी तिला ठेचकाळायच्या आणि रोज तेच बोलायच्या. डॉक्टरांनी काकांना सांगितलं, रोज अंदाजे दोन किलोमीटर चाला. काकांनी आधी रस्ता मोजला, मग चालायला सुरुवात केली, आणि डॉक्टर बदलला. 'अंदाजे' म्हणणारा माणूस औषधाचे थेंब कसे मोजत असेल, हा त्यांचा प्रश्न होता.

त्यांची एकुलती एक लेक गल्लीच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेत विज्ञान शिकवायची. तीही एका वर्षाच्या बोलीवर. वर्ष संपत आलं तसं मुख्याध्यापिकाबाईंनी तिला खोलीत बोलावून आडपडदा न ठेवता सांगितलं, "तुम्हाला येतं पुष्कळ. पण तुमच्या तासाला मुलं झोपतात. शनिवारी पालक येणार आहेत. त्यांच्या लक्षात राहील असा एक धडा घ्या, मग तुम्हाला कायम करायचं की नाही ते बघू."

लेक घरी आली ती तोंड एवढंसं करून. तीन दिवस तिने पुस्तकं उपसली आणि चौथ्या दिवशी जेवताना जाहीर केलं, की धडा कृष्णविवरांचा. तोही साध्यासुध्या नव्हे, माहीत असलेल्या सर्वांत मोठ्या विवरांचा.

"बाबा, त्यातल्या एकाचं वजन चार हजार कोटी सूर्यांएवढं असावं, असा अंदाज आहे."

"अंदाज?" काकांनी घास ताटात परत ठेवला.

"इतक्या लांबून तेवढंच जमतं हो. पण माझी अडचण वेगळीच आहे. चार हजार कोटी म्हटलं की मुलं जांभई देतात. त्यांना चार हजार कोटी काय आणि चाळीस काय, सारखंच."

"विवर म्हणजे शेवटी विहीरच ना?"

"विहीर नाही, बाबा. कुणी खणलेलं नाही, त्याला तळ दाखवता येत नाही. नुसता एक काठ आहे. त्या काठाच्या आत गेलेलं काहीही परत येत नाही. उजेडसुद्धा."

"आपला माळा तसाच आहे," काकू म्हणाल्या. "दोन वर्षांपूर्वी मी तिथे चांगली छत्री ठेवली होती."

लेकीने उठून डब्यातून मोहरीचा एक दाणा आणला आणि टेबलावर ठेवला. "हा आपला सूर्य. दोन मिलिमीटर. मग पृथ्वी इथे." तिने वीतभर अंतरावर बोट टेकवलं. "दिसणार नाही, धुळीच्या कणाएवढी आहे. आणि शेवटचा ग्रह इथून साडेसहा मीटरवर. म्हणजे भिंतीपलीकडे, शेजाऱ्यांच्या सोफ्यावर."

"त्यांना सांगू नकोस, भाडं मागतील," काकू म्हणाल्या.

"आणि विवर?" काकांनी विचारलं.

लेकीने वहीचा कागद फाडून त्यावर काहीतरी लिहिलं आणि त्यांच्यापुढे सरकवला. "एवढं. मैदानात मावणार नाही. बाहेर रस्त्यांवर चार-पाच ठिकाणी खुणा केल्यात तरी चालेल. मापून द्याल?"

काकांना काय वाटलं ते सांगायला हवं. ही पोर सायकल शिकली ती पडून पडून एकटी शिकली. कॉलेजचा अर्ज तिने एकटीने भरला. काका तेव्हा बाहेरगावी कुणाच्या तरी बांधावर उभे असायचे. आयुष्यात पहिल्यांदा ती त्यांच्याकडे त्यांच्या कामाचं काहीतरी मागत होती. झालेला आनंद लपवायला ते घटाघट पाणी प्यायले.

चिठ्ठीवर होतं: सूर्य – मोहरी, २ मिमी. विवर – १७० मी. काकांनी ती एकदा वाचली आणि खिशात घातली. चिठ्ठी दोनदा वाचणं म्हणजे पहिल्यांदा नीट वाचली नाही असं कबूल करणं, आणि कबूल करण्याची त्यांना सवय नव्हती.

शुक्रवारी दुपारी काका बाहेर पडले. डोक्यावर टोपी, हातात खुंट्या, पाठीवर चुन्याची पिशवी. टेपचं दुसरं टोक धरायला काकूंना बरोबर घेतलं. चाळीस वर्षांच्या संसारात हे टोक त्यांच्या हाती कायमचंच होतं. मैदानाच्या मध्यावर झेंड्याचा खांब होता, तो त्यांनी विवराचा मध्य धरला. मग एका बाजूने मोजत मोजत भिंत गाठली, भिंत ओलांडून रस्ता गाठला, आणि रस्त्यापलीकडे जिथे माप संपलं तिथे पहिली खुंटी ठोकली.

"चार-पाच खुणा पुरे म्हणाली होती ती," काकू म्हणाल्या.

"वर्तुळ म्हणजे वर्तुळ. चार-पाच खुणा चौकोनालाही असतात."

तीन तासांत अख्खं वर्तुळ उमटलं. जिथे रस्ता होता तिथे रस्त्यावर चुना, जिथे अंगण होतं तिथे अंगणात. लॉन्ड्रीपाशी रेषा नेमकी दारातून आत शिरत होती. लॉन्ड्रीवाला खुर्चीत बसून दुपारची डुलकी काढत होता. काकूंनी नवऱ्याची बाही ओढली.

"अहो, त्याला विचारा तरी."

"रेषा मालकाला विचारून वळत नसते," काका म्हणाले. हे वाक्य त्यांनी छत्तीस वर्षं वापरलं होतं आणि त्यापायी तीनदा मारही खाल्ला होता. त्यांनी दारातून, इस्त्रीच्या टेबलाखालून, झोपलेल्या माणसाच्या चपलांमधून चुना ओढला आणि मागच्या दाराने बाहेर पडले. काकू पाठोपाठ चवड्यांवर चालत गेल्या.

संध्याकाळी लेक शाळेतून घरी आली. वाटेत ती रेषा तिला ओलांडावीच लागली होती.

"पाहिलीस?" काकांनी दारातच विचारलं.

पायातल्या चपला काढायला लेकीला जरा जास्तच वेळ लागला. "पाहिली, बाबा."

"कशी आहे?"

"सुबक आहे," ती म्हणाली, आणि खोलीत जाऊन दार लावून बसली. काकांना वाटलं, उद्याच्या धड्याची धाकधूक.

इकडे लॉन्ड्रीवाला जागा झाला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याच्या मामाचं घर रस्तारुंदीत गेलं होतं. तेव्हाही आधी असाच चुना पडला होता, आणि चुन्यामागून यंत्रं आली होती. त्यात हा चुना कुणी टाकला, तर मोजणीकाकांनी. माणूस निवृत्त झाला म्हणून काय झालं, सरकारी हात तो सरकारी हात. त्याने समोरच्या बेकरीवाल्या बाईंना बोलावून रेषा दाखवली. बाईंनी ती थेट वळणापर्यंत चालत जाऊन पाहिली आणि परत येऊन सांगितलं, की रेषा गोल जाते. मग काय, सुतावरून स्वर्ग गाठायला वेळ लागतो का? सहा वाजता गोल रस्ता येणार होता. सात वाजता तो दुपदरी झाला. जेवणाच्या वेळेपर्यंत त्यावर पूल चढला होता, आणि शाळेचं मैदान म्हणे मधला चौक होणार होतं.

शनिवारी शाळेच्या सभागृहात पालक आले ते दुप्पट आले. ज्यांना मुलंच नव्हती तेही आले. लेक टेबलापाशी उभी होती, टेबलावर पांढऱ्या कागदावर मोहरीचा दाणा. काका मागच्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट घालून. ती इस्त्री लॉन्ड्रीवाल्यानेच केलेली होती, आणि तो लॉन्ड्रीवाला आता सभागृहाच्या मधोमध उभा राहून बोलत होता.

"मॅडम, धडा मागाहून. आधी सांगा, रस्ता किती रुंदीचा? माझी लॉन्ड्री जाते की राहते?"

"कसला रस्ता?" मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं.

"ह्यांच्या वडिलांनी कालच आखणी केली. माझ्या टेबलाखालून गेलेत. मी झोपलेला बघून."

मुख्याध्यापिकाबाईंनी लेकीकडे पाहिलं. ती नजर काकांनी मागच्या रांगेतून ओळखली. हद्दीच्या भांडणात निकाल सांगण्याआधी साहेब असे बघायचे. पोरीची नोकरी त्या नजरेत लोंबकळत होती. काका उठून पुढे गेले.

"रस्ता नाही," ते म्हणाले. "काठ आहे."

"कशाचा?"

काकांनी लेकीकडे पाहिलं. लेकीने मोहरीचा दाणा चिमटीत धरून वर केला, आणि बोलायला लागली. हा सूर्य, म्हणाली. ही वीतभर अंतरावर आपली पृथ्वी, तिच्यावर आपण सगळे, लॉन्ड्री आणि बेकरीसकट. मग तिने बेकरीवाल्या बाईंना हाताला धरून साडेसहा मीटरवर उभं केलं आणि सांगितलं, की तुम्ही शेवटचा ग्रह. बाई उगीचच ताठ उभ्या राहिल्या.

"सूर्यापासून इथवर, आणि तेवढंच दुसऱ्या बाजूला. एवढा आपला सगळा कारभार. ह्या एका सभागृहात बसला," लेक म्हणाली. "आता बाहेर चला. एक विवर दाखवते."

सगळे बाहेर आले. मैदान ओलांडलं, फाटक ओलांडलं, रस्ता ओलांडला. लोक चालताना मागे वळून शाळेकडे बघत होते. आपला सूर्य तिकडे आत टेबलावर, मोहरीएवढा, आणि आपण अजून चालतोच आहोत. आधी बडबड होती, मग ती कमी कमी होत थांबली. लेक चालता चालता सांगत होती, की सूर्याचा उजेड आपल्यापर्यंत यायला आठ मिनिटं लागतात, आणि ह्या विवराच्या एका काठापासून दुसऱ्या काठाएवढं अंतर कापायला त्याच उजेडाला नऊ दिवस लागतील.

"नऊ दिवस?" लॉन्ड्रीवाला म्हणाला. "आणि सगळं एकच? मधे काही नाही?"

"सगळं एकच."

तो चुन्याच्या रेषेपाशी उभा राहिला, स्वतःच्या दाराकडे बघत. राग कुठे गेला ते त्यालाही कळलं नसावं. "मग माझी लॉन्ड्री आत की बाहेर?"

"अर्धी आत."

"म्हणजे अर्धे कपडे परत येणार नाहीत," मागून कुणीतरी म्हणालं. "तसे ते आत्ताही येत नाहीत."

सगळे हसले. मुख्याध्यापिकाबाईसुद्धा हसल्या, आणि ह्या बाई हसल्याचं काकांनी आधी ऐकलंही नव्हतं. मुलं रेषेवरून आत-बाहेर उड्या मारत होती. झोपलेलं कुणीही नव्हतं. काकांना वाटलं, आता लेकीची नोकरी पक्की.

"मध्यापासून काठापर्यंत किती म्हणालात?" मुख्याध्यापिकाबाईंनी लेकीला विचारलं.

"एकशे सत्तर मीटर," लेक म्हणाली. पण तिचा आवाज एकदम खाली गेला होता आणि डोळे जमिनीकडे होते.

मध्यापासून? काकांनी खिशातली चिठ्ठी काढली आणि दुसऱ्यांदा वाचली. विवर – १७० मी. नुसतं तेवढंच. खात्यात विहिरीची नोंद कधीही काठ ते काठच करायची, तोंडाची रुंदी. छत्तीस वर्षांत शेकडो विहिरी त्यांनी तशाच लिहिल्या होत्या. विवर म्हटल्यावर हात आपोआप तसाच चालला. एकशे सत्तर ही अख्खी रुंदी धरून त्यांनी खांबापासून पंच्याऐंशी मीटरवर काठ काढला होता. आभाळातलं सर्वांत मोठं विवर, आणि त्याला त्यांनी निम्मं करून ठेवलं.

कुणालाही कळलं नव्हतं. काकांनी सगळीकडे पाहिलं. लोक खूश होते, मुख्याध्यापिकाबाई मान डोलवत होत्या. झाकली मूठ सव्वा लाखाची. गप्प बसलं तर लेकीचा धडा तरला, आणि छत्तीस वर्षंही तरली. बोललं, तर पालकांसमोर धडा चुकीचा ठरला, आणि मग त्या नजरेत पुन्हा काय येईल ते सांगता येत नव्हतं.

"हे सगळं बरोबर मोजलेलं आहे ना?" मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं. "मी पुढच्या आठवड्यात वरच्या साहेबांना दाखवीन म्हणते."

लेकीने तोंड उघडलं. काकांना तिचा चेहरा दिसला, आणि ती आता काय बोलणार तेही दिसलं. ती बापाला वाचवणार होती. साहेब येतील, कुणीतरी टेप लावेल, आणि मग खोटं बोललेली ती असेल.

"नाही," काका म्हणाले. "बरोबर नाही. मी चुकलो."

हे शब्द त्यांच्या तोंडाला इतके नवे होते, की ते त्यांनी पुन्हा एकदा म्हणून पाहिले. "मी चुकलो, बाई. पोरीचा आकडा बरोबर आहे. माप मी निम्मं धरलं. ही रेषा निम्म्यावर आहे."

लॉन्ड्रीवाल्याने आधी रेषेकडे पाहिलं, मग मागे शाळेकडे, मग रेषेपलीकडे जिथवर रस्ता दिसत होता तिथवर.

"हे निम्मं?" तो म्हणाला.

"रुंदीला निम्मं. म्हणजे जागा चौपट लागेल."

"मग खरा काठ कुठून जातो?"

काकांनी मनातल्या मनात हिशेब केला. "तिकडे टपालकचेरीच्या पायऱ्यांवरून. इकडे..." ते थांबले. "इकडे बाईंच्या ओसरीवरून."

मुख्याध्यापिकाबाईंचं घर तिथून दिसत नव्हतं, मधल्या घरांच्या पार मागे होतं. सगळे तरीही त्या दिशेला बघत राहिले.

"म्हणजे मी सगळाच आत," लॉन्ड्रीवाला म्हणाला. त्याचा आवाज एकदम साधा झाला होता. "एवढं चालून आलो आणि अजून आतच आहे."

मुख्याध्यापिकाबाई लेकीकडे वळल्या. "तुम्हाला हे माहीत होतं?"

लेक खोटं बोलू शकली असती. "काल संध्याकाळपासून," ती म्हणाली. "रेषा टपालकचेरीपाशी हवी होती. मी येताना पाहिलं."

"आणि तरी पालकांना चुकीची रेषा दाखवलीत?"

"आकडा मी खरा सांगितला."

"मी रेषेचं विचारतेय."

लेकीने काकांकडे पाहिलं नाही. "बाबा फार आनंदात होते," ती म्हणाली.

काकांना जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं. नोकरी जाईल हे माहीत असून ही पोर रात्रभर दाराआड बसली होती, आणि आपण बाहेर काकूंना आपल्या वर्तुळाचं कौतुक सांगत होतो. त्यांना स्वतःची इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

तोवर लोक मुख्याध्यापिकाबाईंना न विचारताच पुढे निघाले होते. बेकरीवाल्या बाई, लॉन्ड्रीवाला, मुलं, सगळे पावलं मोजत टपालकचेरीकडे चालले होते, खरा काठ कुठे आहे ते बघायला. एक आजोबा काठी टेकत मागून जात होते आणि नातवाला विचारत होते, की आलं का. नातू म्हणत होता, नाही आलं, अजून आतच आहोत.

"सोमवारी ही रेषा पुसायची," मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. "आणि खरी काढायची. मुलांकडून काढून घ्या. वडिलांकडून नको."

"सोमवारी," लेक म्हणाली. तिला पुढचं विचारायला धीर होत नव्हता.

"सोमवारी, आणि पुढेही. तुमच्या धड्यामागे पालक आपण होऊन चालत निघालेत. माझ्या वीस वर्षांत माझ्यामागे कुणी फाटकापर्यंतही आलेलं नाही." त्या दोन पावलं चालून गेल्या आणि वळल्या. "आणि माझी ओसरी आत येते की बाहेर, तेवढं नीट बघा."

घरी परतताना लॉन्ड्री ओलांडल्यावर काका म्हणाले, "असं पुन्हा करायचं नाही. माझ्यापायी गप्प बसायचं नाही. चुकलो तर तोंडावर सांगायचं."

"तोंडावर?"

"तोंडावर."

लेक थोडी चालली. "माझ्या खोलीचा पडदा तुम्ही मापून दिला होतात. तो चार बोटं आखूड आहे."

काका थांबले. "कधीपासून?"

"सहा वर्षं झाली. आईने खाली पट्टी जोडली. त्याच रंगाचं कापड शोधायला दोन दिवस हिंडत होती."

घरी आल्यावर काका चपला न काढता लेकीच्या खोलीत गेले आणि पडद्याचं खालचं टोक हातात घेऊन उजेडाकडे धरलं. शिवण होती. इतकी बारीक, इतकी सरळ, की हात लावल्याशिवाय कळली नसती. काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. लेकीच्या चेहऱ्यावरून नोकरीचं त्यांना कळलं होतं आणि नवऱ्याच्या हातातल्या पडद्यावरून बाकीचं.

"अजून काय काय आहे?" काकांनी विचारलं.

काकूंनी पदराला हात पुसले आणि खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. "बसा आधी," त्या म्हणाल्या. "वेळ लागेल."

काका बसले.